बोलकी न्हाणी, मुकी गाडी

अगं ए,

पोचल्यावर लगेच लिहीन म्हणाले होते आणि लिहायला बसलेय आता, परतीची बॅग भरायची वेळ आल्यावर. रुसली असशील तर रुसवा जरा बाजूला ठेव आणि चहा घेऊन बस, कारण हे लांबणार आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देतेस कधी?

सध्या ओसाकात आहे. बाहेर पावसाची रिपरिप लागलीय. खोली एवढीशी, की बॅग उघडी टाकली तर पलंगावरून चालत दाराशी जावं लागतं. भाची काल टोकियोला कामावर परत गेली, त्यामुळे आज मराठीत बोलायला कोणी नाही. म्हणून तुझी आठवण आली. (“म्हणजे एरवी नाही आली!” हे तू आत्ता म्हणालीस ना, ते मी इथे बसून ऐकलं.)

टोकियोत तिच्याकडेच उतरले होते, निशिकासाईला. एदोगावा वॉर्डातला हा भाग. २००० सालच्या सुमाराला संगणकाच्या कामासाठी आपली मुलं आली आणि बिऱ्हाडं मांडून राहिली. आता दुकानात तूरडाळ मिळते, पोहे मिळतात, आणि २०१९ साली तर एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. हो, मराठी माणूस! इथे निवडणुकीत उमेदवार पांढरे हातमोजे घालून गाडीतून फिरतात आणि कर्ण्यावर स्वतःचं नाव घोकतात, असं भाची सांगत होती. मी म्हटलं, आमच्या देवरुखच्या खणखणीत आवाजाच्या बाईंना उभं केलं असतं तर कर्ण्याचा खर्च वाचला असता.

बरं, मूळ मुद्दा असा की पहिल्याच संध्याकाळी माझ्याशी न्हाणीघर बोललं. हसू नकोस. भाची खाली दूध आणायला गेली होती, मी पाय पसरून बसले होते, आणि आतून आधी पियानो वाजला आणि मग एक बाई फार अदबीनं काहीतरी म्हणाली. मी लाटणं घेऊन आत गेले. कोणी नाही! टबातलं पाणी तापलं की भिंतीवरचं यंत्र तसं कळवतं म्हणे. ती धूनही कुणा ओस्टेन नावाच्या, १९व्या शतकातल्या जर्मन संगीतकाराची. त्या टबाचंही एक शास्त्र आहे. आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, मग टबात नुसतं डुंबायचं. त्याच पाण्यात घरातली सगळी माणसं एकामागून एक. आपल्याला आधी कसंसंच वाटतं, पण दिवसभर चालून पाय भरून आल्यावर त्या पाण्यात उतरून बघ एकदा. मला दोनदा हाक मारून बाहेर काढावं लागलं.

आणि न्हाणीघर गप्पा मारतं त्याच घरात कुकर लावताना भाची खिडक्या बंद करते! शेजारच्या आजींनी तिला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, तुमच्याकडे रोज सात वाजता काय वाजतं? तक्रार नव्हती, नुसती चौकशी. पण चौकशीला किती महत्त्व द्यायचं ते ती इथे राहून शिकलीय. तिनं आजींना घरी बोलावलं, कुकर दाखवला, वरणभात वाढला. आजींनी वरण वाटीला तोंड लावून प्यायलं, फार छान म्हणाल्या. तरी खिडक्या अजून बंदच.

तेव्हापासून मला नादच लागला बघ, कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं ते टिपायचा. सरकता जिना बोलतो, पाय सांभाळा म्हणतो. लिफ्ट बोलते. पैसे काढायचं यंत्र बोलतं. वळणारा ट्रक बोलतो, मी आता डावीकडे वळतोय, जपून. स्टेशनच्या जिन्यापाशी पक्षी किलबिलतो. मी मान वर करून बराच वेळ तो पक्षी शोधला, तो निघाला स्पीकर. ज्यांना दिसत नाही त्यांना जिना कुठे आहे हे कळावं म्हणून. रस्ता ओलांडतानाही तेच, एका दिशेला कोकिळेसारखी कुकू आणि दुसऱ्या दिशेला पिल्लाची चिवचिव. संध्याकाळी पाचला गल्लीतल्या खांबावरचे कर्णे एक हळुवार गाणं वाजवतात. भूकंपाची, पुराची सूचना द्यायचे कर्णे ते, नीट चालतात ना हे रोज तपासायचं म्हणून गाणं. पोरं मात्र तेवढ्यावर खेळ थांबवून घरी निघतात.

आणि माणसं? माणसं गप्प!

शिंजुकू स्टेशन आठव, आपण टीव्हीवर पाहिलेलं. जगातलं सगळ्यांत गर्दीचं स्टेशन म्हणून गिनीज बुकात नोंद आहे, कोविडच्या आधी रोज ३५ लाखांहून जास्त माणसं तिथून जायची, दोनशेच्या वर बाहेर पडायच्या वाटा. त्या गर्दीत मला ऐकू काय आलं असेल? बुटांचे आवाज. बस्स. डब्यात तर श्वास घ्यायचीही चोरी. फोनवर बोलायचं नाही, फोन वाजू द्यायचा नाही, अशी घोषणा पुन्हापुन्हा होते (करतं कोण? यंत्र!). गर्दीच्या वेळी बायकांचा वेगळा डबा असतो, गुलाबी पट्टीचा. मी मोठ्या आशेनं त्यात चढले. तुला सांगते, आपल्या दादरच्या डब्यात एवढ्या वेळात मटार सोलून झाले असते, एकीची सून दुसरीच्या सासूला कळली असती आणि चौथ्या सीटवरून तू भांडण सोडवायला उठली असतीस. इथे शंभर बायका आणि एक चकार शब्द नाही. एकीला शिंक आली तर तिनं आजूबाजूला मान लववून माफी मागितली. नाक शिंकरणं तर पापच. सर्दी झाली तर सूं सूं करत ओढत बसायचं, ते चालतं. तुझ्या बारमाही सर्दीचं इथे काय झालं असतं कोण जाणे.

सगळ्या गाडीत बोलणारा माणूस एकच, तो म्हणजे ड्रायव्हर, आणि तो बोलतो सिग्नलशी! मी मुद्दाम पहिल्या डब्यात काचेला नाक लावून उभी राहिले. पांढरा हातमोजा घातलेला हात ताठ पुढे करून बोट दाखवायचं, सिग्नल हिरवा आहे असं मोठ्यानं म्हणायचं, मग घड्याळाकडे बोट, मग वेगाच्या काट्याकडे. केबिनमध्ये दुसरं कोणी नाही, तरी बोट आणि बोलणं चालूच. डोळे, हात, तोंड आणि कान एकाच कामाला जुंपले की चूक कमी होते, हे त्यामागचं तत्त्व. प्लॅटफॉर्मवरचा गार्डही तसाच. मी घरी गॅस बंद करताना हे करून बघणार आहे. बोट दाखवून, मोठ्यानं. शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

गाडी सुटताना भोंगा नाही, धून वाजते. पूर्वी कर्कश घंटा होती, ती काढून १९८९ पासून शिंजुकू आणि शिबुयाला धून वाजायला लागली आणि मग ती बाकी स्टेशनांवर पसरली. ताकादानोबाबा नावाच्या स्टेशनला तर कार्टूनमधल्या अॅस्ट्रो बॉयचं गाणं वाजतं. माणसं त्या गाण्यावर पळत डब्यात शिरतात, चेहरे तेवढेच गंभीर.

आता एक गोष्ट कानात सांगते. बायकांच्या स्वच्छतागृहात एक बटण असतं, दाबलं की पाणी वाहण्याचा आवाज येतो. नुसता आवाज, पाणी नाही. आपला आवाज शेजारणीला जाऊ नये म्हणून बायका एकसारखं खरंखुरं पाणी सोडायच्या, केवढं पाणी वाया जायचं. मग १९८८ साली हे यंत्र निघालं. मी दाबून बघितलं, बाहेर येऊन भाचीला सांगायला गेले तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिथेही बोलायचं नाही! आपल्या हॉस्टेलची मोरी आठवली आणि मला एकटीलाच हसू आवरेना. तुझं भूपाळ्यांचं सत्र भल्या पहाटे तिथूनच सुरू व्हायचं ना?

पण एवढ्या चुपचापीत यांनी एक खिडकी ठेवलीय, ती म्हणजे शेवया. स्टेशनात उभ्यानं खायची दुकानं असतात, कुट्टूच्या पिठाच्या शेवयांची. यंत्रात नाणी टाकायची, चिठ्ठी येते, ती पुढे ठेवायची, वाडगा येतो. यातही बोलणं शून्य. आणि मग सूटबूट घातलेले गृहस्थ वाडग्यावर वाकतात आणि सुर्रर्र! नळ फुटल्याचा आवाज. एकजण थांबला की दुसरा सुरू. लोक सांगतात की गरम शेवया तशाच निवतात, वासही नाकात नीट भरतो. मला काय, सासरी बशीतला चहा ओढल्याबद्दल तू जे ऐकून घेतलंस, त्याचा न्याय तुला या स्टेशनात मिळाला असता. हां, काड्या मात्र भातात उभ्या खोचायच्या नाहीत. मेलेल्याच्या नावानं ठेवतात तो भात तसा असतो. आणि काडीतून काडीत घासही द्यायचा नाही, कारण अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा उचलतात. हे ऐकल्यावर मी चमचा मागितला. कशाला उगीच!

अगं, आणि गणपती राहिलाच की! आसाकुसात सुमिदा नदीजवळ मात्सुचियामा नावाची छोटीशी टेकडी आहे, तिच्यावर आपला गणपती. कांगितेन म्हणतात. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे पोचला. मूर्ती बंद, कोणालाही दाखवत नाहीत. आणि नैवेद्य काय असेल? सांग बघू. मुळा! चांगला हातभर लांब, पांढराशुभ्र मुळा. देवळातच विकत मिळतो. देवासमोर मुळ्यांची रास, खांबांवर मुळे कोरलेले, मुळ्याच्या जोडीला पैशाचा बटवा. मी म्हटलं, बाप्पा, काय ही वेळ आली तुझ्यावर. पण त्याच्या मोदकाचीही सोय आहे हो, ती क्योतोत. कामेया कियोनागा नावाचं १६१७ पासूनचं दुकान आहे, तिथे कांकिदान म्हणून एक पुरचुंडी मिळते, आत गोड सारण, त्यात सात सुगंधी द्रव्यं, आणि तिळाच्या तेलात तळलेली. जुन्या मोदकाचंच हे रूप म्हणतात. बाहेरून इतकं कडक की माझ्या दाढेनं एकदा विचार केला. आणि वास थेट देवघराचा. तुझ्यासाठी दोन बांधून घेतलेत. वाटेत एक मी खाल्ला तर गणपतीशी बोलणं तू करायचं, माझ्याशी नाही.

क्योतो तुला आवडेल की नाही, मला सांगता येत नाही. सुंदर आहे, अतिसुंदर आहे. पण गर्दी एवढी झालीय की गिओनमधल्या काही खासगी बोळांत पर्यटकांना २०२४ पासून बंदीच घातलीय, आत शिरलात तर १०,००० येन दंड. मला पटलं. दारात नटलेली गेइशा उभी दिसली की फोन पुढे करून धावणारी माणसं मी तिथे पाहिली. मीसुद्धा त्या गेइशेच्या जागी असते तर छत्री हाणली असती.

निजो किल्ल्यात मात्र मी रमले. १६०३ सालचा, तोकुगावा इएयासूनं बांधलेला. आतल्या वाड्याची लाकडी जमीन चालताना किलबिलते! बूट काढून, मोज्यांवर, मांजराच्या पावलांनी गेलं तरी. फळ्या धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडींवर खिळे घासतात आणि तो आवाज येतो. रात्री मारेकरी आला तर कळावं म्हणून मुद्दाम केलं, अशी गोष्ट सांगतात. मला विचारशील तर गोष्ट मागाहून आली असणार, आधी खिळे सैल झाले असणार. पण मजा अशी की त्या सोप्यात चार देशांची माणसं श्वास रोखून, हात पसरून, आवाज न करता चालायचा प्रयत्न करत होती आणि जमीन सगळ्यांच्या चुगल्या करत होती.

क्योतोच्या माणसांबद्दल टोकियो आणि ओसाकाची माणसं ज्या गोष्टी सांगतात, त्या ऐकून मी खूप हसले. पाहुणा फार वेळ बसला तर यजमानीण गोड आवाजात विचारते, चहा घातलेला भात घेता का थोडा? म्हणजे, उठा आता. शेजारीण म्हणाली, तुमच्या मुलीचा पियानो किती छान व्हायला लागलाय, तर समजायचं की कानाला त्रास होतोय. क्योतोवाले म्हणतात, असलं काही आम्ही बोलत नाही, ही सगळी लोकांनी रचलेली थट्टा. असेलही. पण आपली मेट्रन तुला दर आठवड्याला विचारायची, “पेटीचा क्लास कुठवर आला गं?” आणि तू खूश होऊन तिला नवीन सरगम ऐकवायचीस. मला आज कळलं तिचं मूळ गाव कोणतं ते!

हिरोशिमाला जाताना ओकायामाला उतरलो. पुण्यात सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग आठवते ना? ती जिच्यावरून बेतली ती कोराकुएन बाग इथली, १७०० सालची. मूळ बाग बघताना मला सारखं वाटत होतं की पुढच्या वळणावर भेळवाला दिसेल. पण त्याहून मी रेंगाळले ते रस्त्यावर. प्लॅटफॉर्मवर, फुटपाथवर त्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशा असतात ना, आपल्याकडेही मेट्रोत दिसतात आणि लोक त्यांच्यावर सामान ठेवतात, त्या पहिल्यांदा बसवल्या १९६७ साली याच गावात, अंधशाळेजवळ. मियाके सेइइची नावाच्या गृहस्थांनी शोधून काढल्या. मी डोळे मिटून, भाचीचा हात धरून दहा पावलं चालून पाहिलं. तळव्याला कळतं गं. रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा.

हिरोशिमाबद्दल जास्त लिहीत नाही. तिथे मी आपणहून गप्प झाले. बॉम्ब पडला ६ ऑगस्ट १९४५ ला, सकाळी ८.१५ वाजता, आणि तिथल्या ट्राम ९ ऑगस्टला थोड्या अंतरापुरत्या का होईना, पुन्हा धावल्या. एवढं एकच तुला सांगते. शांतता उद्यानात एक घंटा आहे, १९६४ साली बसवलेली, अंगावर जगाचा नकाशा, त्यावर देशांच्या सीमा नाहीत. कोणीही वाजवावी. लाकडी ओंडका मागे ओढून सोडायचा. माझ्या पुढे शाळेतला एक मुलगा होता, त्यानं एवढ्या जोरात वाजवली की त्याच्या बाई दचकल्या, पण ओरडल्या नाहीत. १९९६ साली इथल्या पर्यावरण खात्यानं देशातले जपून ठेवावेत असे १०० आवाज निवडले, त्यात ही घंटा आहे. टोकियोतल्या उएनोची वेळ सांगणारी घंटाही आहे. सरकार बसून आवाजांची यादी करतं, ही गोष्ट मला फार आवडली.

आणि आता ओसाका. इथे सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवलं आणि कळलं की गाव बदललं. टोकियोत सगळे डावीकडे उभे राहतात, इथे उजवीकडे. पेयाच्या यंत्रात नाणं टाकलं तर ते तिकडच्यासारखं अदबीनं नाही, चक्क इथल्या बोलीत ठसक्यानं आभार मानतं. दुकानदार हाका मारतात. गाडीत दोघी मैत्रिणी खिदळत होत्या आणि कोणी वळून पाहिलं नाही. मला कानात वारं शिरल्यागत झालं.

काल भाचीला सोडून वर्तुळाकार लोकलनं परत येत होते. शेजारी एक बाई, सत्तरीच्या असाव्यात, अंगात बिबट्याच्या ठिपक्यांचा सदरा (इथल्या बायकांची ती खूण आहे म्हणतात, मी थट्टा समजत होते). माझ्याकडे बघून त्यांनी एक बोट वर केलं आणि भुवया उंचावल्या. एकट्याच?

हा प्रश्न गेलं वर्षभर मी किती टाळला, तुला ठाऊक आहे. लग्नाकार्याला गेले नाही, मंडईची वेळ बदलली. टोकियोत कोणी विचारत नाही म्हणून सुरुवातीला मला किती बरं वाटलं होतं! डब्यात नुसतं उभं राहायचं, कोणी बघत नाही, कीव करत नाही. आणि काल त्या बाईंनी बोट वर केलं तर मी मान डोलावली, आणि मराठीतच सुरू झाले. खरंच! मराठीत! त्या जपानीत. त्यांनी पर्समधून एक कापडी पिशवी काढली, तिच्यातून लेमनच्या गोळ्या काढल्या, एक मला दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली, आणि मग विचार करून आणखी तीन माझ्या मुठीत कोंबल्या. इथल्या बायका अनोळखी माणसांना अशा गोळ्या वाटतात, हे भाचीनं सांगितलं होतं. मला उतरायचं स्टेशन गेलं. मी जाऊ दिलं. गाडी गोलच फिरते, कुठे जाणार होती?

तर ऐक. पुढच्या वर्षी तुला घेऊन येणार आहे. पासपोर्ट कपाटातून काढून तारीख बघ, संपला असेल तर आत्ताच अर्ज कर, नेहमीसारखं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा सोडून, तेव्हा इथे सगळा देश सुट्टीवर असतो. पिशव्या कमी आण. रस्त्यावर कचऱ्याचे डबे नसतात, १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला तेव्हापासून बरेचसे काढून टाकले, त्यामुळे दिवसभराची सालं-कागद आपल्याच पर्समध्ये वागवावी लागतात. तुझ्या पर्समध्ये जागा आहे का ते आधी बघ, २०१० सालची बसची तिकिटं काढून टाक.

आणि उतरायचं ओसाकालाच. टोकियोला तुला मी शेवटी नेईन, चार दिवस इथे मनसोक्त बडबडून तुझा घसा बसला की. सदरा तुझ्या मापाचा पाहून ठेवलाय, बिबट्याचाच. लाल की पिवळा ते लगेच कळव, दुकान आठला बंद होतं.

तुझीच,
मी